अर्ध्या मार्काची बाई

“बाई, हे चूक हाय, का तुमी सांगितलेलं न्हाई म्हणून कापलं?”

सविता सहामाहीचा पेपर घेऊन स्टाफरूमच्या दारात उभी होती. नववी ब. मी डब्यातली भाकरी मोडत होते.

“स्वतःचं वाक्य लिहिलं की अर्धा मार्क. माहीत आहे ना?”

“माहीत हाय. पण चूक हाय का?”

“बघते,” म्हणून मी पेपर ठेवून घेतला.

शिरूर कासारच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे. तेव्हाचा माझा थाट काय सांगू! कडक इस्त्रीची साडी, पर्समध्ये रंगीत खडू. आयुष्यात एकाही इंग्रजाशी बोलले नव्हते, पण चालायची अशी, की नेमणूक थेट लंडनहून आली आहे.

माझा हुकमी धडा एकवचन-अनेकवचनाचा. इंग्रजीत शेवटी नुसता एस लागला की वाक्प्रचाराचा स्वभाव पालटतो. ‘हॅव अ वर्ड’ म्हणजे कुणाशी जरा बोलणं. आपण दोन शब्द बोलतो, इंग्रज एकात भागवतो. त्याचे ‘वर्ड्स’ झाले की भांडण. ‘इन पेन’ म्हणजे दुखण्यानं बेजार, आणि ‘टेक पेन्स’ म्हणजे जीव ओतून कष्ट घेणं. प्रत्येकाचं एकेक वाक्य मी लिहून द्यायचे. राजाचे प्रधानाशी वर्ड्स झाले, असलं काहीतरी. परीक्षेत तेच उतरवलं की एक मार्क, स्वतःचं लिहिलं की अर्धा. याला मी शिस्त म्हणायचे.

सविताचे चार वाक्यांत दोन मार्क गेले होते आणि पहिला नंबर एका मार्कानं हुकला होता. त्या वर्षी नंबराला अर्थ होता. बीडच्या मुलींच्या वसतिगृहात आमच्या शाळेतून एकच मुलगी घेणार होते, सहामाहीच्या मार्कांवर. ती जागा हुकली की सविता आईबापाबरोबर ऊसतोडीला जाणार. तिच्यासाठी स्थळंही बघत होते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. पोरगी जरा उंच झाली, की तिचा वेगळा कोयता करून देतात. सविता चौदा वर्षांची होती.

मी तिची वाक्यं वाचली. मुकादमाचे बापाशी वर्ड्स झाले. मग आईनं मुकादमाशी अ वर्ड केला. संध्याकाळी आई इन पेन असते. तरी पाचटाच्या खोपीत माझ्या वह्या कोरड्या राहाव्यात म्हणून ती टेक्स पेन्स.

चूक की बरोबर, मला सांगता येईना! अर्ध्या मार्काचं खरं कारण ते होतं. पोरांची वाक्यं मला तपासताच यायची नाहीत. लायब्ररीच्या कपाटातली डिक्शनरी काढली, धूळ झटकली. चारही बरोबर.

तेवढ्यात हेडमास्तर आले. “बाई, यादी आज बीडला जाणार. इंग्रजीचे मार्क फायनल ना?”

नाही म्हटलं असतं, तर तिन्ही तुकड्यांचे गठ्ठे पुन्हा सोडावे लागले असते. आणि सरांनी विचारलं असतं, आधी कापले कशाला?

“फायनल, सर.”

दुसऱ्या दिवशी सविताची आई आली, गयाबाई.

“बाई, पोरगी म्हणती वाक्यं बरोबर हायेत.”

“असतील. पण नियम आहे.”

“कुणाचा? सरकारचा?”

“माझा.”

“मग मोडा की! सरकारचा असता तर मी आलेच नसते.”

“यादी गेली आता.”

गयाबाईंनी पायात चपला सरकवल्या. “बरं,” म्हणाल्या आणि गेल्या.

निवडलेली पोर काही पुढाऱ्याची नव्हती. तीही तोडणाऱ्यांचीच. तिनं माझी वाक्यं स्वल्पविरामासकट उतरवली होती, एवढंच. दिवाळीनंतर टोळीचा ट्रक गेला. पुढच्या हंगामात सविताचा वेगळा कोयता होता.

नियम मी मोडला, पण त्यानंतर. मग मी मार्कांच्या बाबतीत ‘सढळ हाताच्या बाई’ म्हणून नावाजली गेले. निरोपसमारंभात त्याबद्दल शाल मिळाली. हात कशामुळे सढळ झाला, ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी नारायणगडावर दर्शनाच्या रांगेत सविता भेटली. दुखऱ्या कमरेला पट्टा, शेजारी शाळेच्या वयाची लेक.

“पाया पड,” तिनं लेकीला सांगितलं. “ह्या माझ्या इंग्रजीच्या बाई. लई कडक हुत्या. चुकलेलं चालायचं न्हाई त्यांना.”

रांग पुढं सरकली. आता नाही बोलले तर कधीच नाही, असं वाटलं.

“सविता, ती चारही वाक्यं बरोबर होती गं.”

“ते मला तवाच ठावं हुतं, बाई,” ती म्हणाली. “तुमाला ठावं हाय का, येवढंच इचारायला आलते.”

तेव्हा मास्तरकीत नव्यानं आलेल्यांना म्हातारीचा सल्ला. तपासणाऱ्याला उत्तर येत नसेल, तर त्यानं पूर्ण मार्क द्यावेत.