पाण्याच्या टाकीखालचा कान

"उचलू का अजून? बोल न बे! मुका झाला का तू?"

दादा विहाराच्या ओट्यावरून ओरडत होता आणि मी रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, गावाच्या पाण्याच्या टाकीखाली, कानांवर हात दाबून उभा होतो. ओट्यावर दोन साउंड बॉक्स, बाजूच्या स्टुलावर लॅपटॉप, लॅपटॉपमागे दादा आणि दादामागे त्याची पोरगी. बॉक्समधून त्या पोरीचंच गाणं येत होतं. आवाज इतका धारदार झाला होता, की त्यानं दाढी करता आली असती. टाकीवरची कबुतरं त्या सकाळी उडाली ती मंगरूळपीरच्या पलीकडं जाऊन स्थायिक झाली, असं मी लोकांना सांगतो. कोणी खोटं म्हणत नाही.

"अबे, ट्रेबल उचलू का?"

ट्रेबल म्हणजे आवाजाची बारीक, टोकदार बाजू. माझ्या तोंडाला कुलूप लागलेलं गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दादा माझा मावसभाऊ. माझ्यापेक्षा मोठा, वयानं आणि आवाजानंही. आसेगावच्या अलीकडं त्याचं सोयाबीन-तुरीचं वावर आहे, आणि मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना शिकवतो. पण हे आमचे फावल्या वेळचे धंदे. खरा धंदा गाण्याचा. गावातल्या बायांची विहारातली गाणी, हळदीची गाणी, कोणाच्या बारशाचा पाळणा, जे मिळेल ते मोबाइलवर रेकॉर्ड करायचं आणि घरच्या लॅपटॉपवर मिक्स करायचं. म्हणजे ढोलकी, पेटी, गाणारी आणि मागच्या बाया यांना एका गाण्यात शेजाऱ्यांसारखं न भांडता बसवायचं. कोणाकडं शिकलो नाही, कोणी शिकवायला धजावलंही नाही.

आमची एक रीत होती. शहरातले लोक कानात बोंडं घालून गाणं ऐकतात म्हणे. आमच्याकडं गाणं टिनांवरून, बाभळींतून, बकऱ्यांच्या अंगावरून येतं. तण निंदणाऱ्या बाईला ते तीन वावरं पलीकडून कळलं पाहिजे. म्हणून मिक्स घरात बरोबर झालं की चूक, हे घरात ठरतच नसे. एकानं ओट्यावर मशीनशी बसायचं, दुसऱ्यानं टाकीखाली जाऊन उभं राहायचं. तळहात खाली केला की "दाब". दुपट्टा वर केला की "उचल". दुपट्टा डोक्याला गुंडाळून घराची वाट धरली, की सगळं पुसून पहिल्यापासून कर.

आणि एक शब्द बंद होता. मस्त.

"मस्त म्हणणारा माणूस आयकत नाही," दादा म्हणायचा. "तो चहाची वाट पाहून राह्यला असते."

टाकीखाली उभा राहायचा मान दादाचाच. मी कायम मशीनवर, कारण माझा कान साधा माणसाचा होता. दादाचा कान म्हणजे काय सांगू! तिकडं कारंजा गावात कोणी पातेल्यावर झाकण ठेवलं, तर हा इथं बसून सांगे, स्टीलचं आहे की जर्मनचं. शिरपूरची बस फाट्यावर यायच्या आत तो तिच्या खिडक्यांच्या काचांवरून सांगायचा, आज ड्रायव्हर नवीन आहे. यातलं निम्मं मी वाढवलं असेल. निम्मं खरं आहे, आणि कोणतं ते मला आता आठवत नाही.

आजूबाजूच्या गावांतली हौशी पोरं त्याला मिक्स पाठवत. दादा प्रत्येकाला पहिला प्रश्न एकच विचारी, "हे कोणाले आयकवाचं हाय?" कोणी "सगळ्यायले" म्हणालं की तो फोनच ठेवून देई.

मानोरा गावाकडच्या एका तांड्यावरच्या पोरानं एकदा आईचं गाणं पाठवलं. आई-बाप ऊसतोडीला गेलेले, आणि जायच्या आधी आईनं त्याच्या मोबाइलवर गायलेलं. त्यावर या पठ्ठ्यानं असा ढोल चढवला होता, की आमच्या घरची भांडी मांडणीवरून उतरून दाराकडं निघाली.

"ढोल चांगला वाजवला तू," दादा त्याला फोनवर म्हणाला. "हात चांगला हाय तुहा. पण माय ढोलामांगं काहून लपवली?"

"दादाजी, डीजेवर दणका बसला पाह्यजे न."

"कोणाले आयकवाचं हाय?"

पोरगा म्हणाला, "बहिणीले. लहान हाय. ती घरीच राह्यते माह्याजवळ."

"मंग तिले ढोल पाह्यजे का माय पाह्यजे?"

दुसऱ्या दिवशी पोरानं गाणं परत पाठवलं. ढोल अंगणात गेला होता, आई चुलीजवळ येऊन बसली होती. दादानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "जमलं." आमच्या राज्यात याच्या वरचं बक्षीस नव्हतं. त्या पोरानं तो शब्द तांड्यावर घरोघरी जाऊन सांगितला म्हणतात.

त्याच पोराचा मला पुढं एकदा चोरून मेसेज आला. "काकाजी, दादाजी म्हणतात तसं ट्रेबल उचललं त कुत्रे रडून राह्यले. काय करू?"

मला हसू आलं. मग हसू थांबलं. कारण मी आठवून पाहिलं, तर दादा सध्या सगळ्यांनाच एक गोष्ट सांगत होता. गाणं कोणाचंही असो, पाळण्याचं असो की मयतीनंतरचं. ट्रेबल उचल. आवाजात चमक नाही. धुकं हाय. उचल.

मी मनाची समजूत घातली, की वयानं माणसाची आवड बदलते. कोणी तिखट कमी करतं, कोणी वाढवतं. पोरंही शहाणी. त्यांनी न ठरवता एक युक्ती काढली होती. एक गाणं दादाला पाठवायचं, त्याला हवं तसं चमकदार, आणि एक गावात वाजवायचं. दादा खूश, कुत्रेही शांत. त्या चमकदार गाण्याला पोरं आपसांत "दादाची कॉपी" म्हणत. दादाच्या कानावर हे नाव कधी गेलं नाही, आणि तेव्हा मला ही व्यवस्था झकास वाटली होती.

मग एक दिवस आम्ही त्याच्या अंगणातून निघालो. फरशीवर त्याच्या खिशातून गाडीच्या चाव्या पडल्या. खण्णकन पडल्या, घुंगरू बांधलेला जुडगा होता. शेजारच्या घरातली म्हातारी "कोण हाय?" म्हणून दारात आली. दादा मात्र पुढं चालत राहिला. गाडीजवळ जाऊन त्यानं एक खिसा पाहिला, दुसरा पाहिला, आणि माझ्याकडं पाहून म्हणाला, "चाव्या घरातच राह्यल्या वाटते."

मी चाव्या उचलून त्याच्या हातात दिल्या. झाकणावरून धातू ओळखणारा माणूस! यात मी काही वाढवून सांगितलेलं नाही. वाढवायला काही सापडतच नाही.

लग्नाच्या वरातीत तो बॉक्सला छाती टेकून उभा राहायचा, वर्षानुवर्षं. "बॉक्सचा जीव कुठं अडकला, ते असं समजते," म्हणायचा. आता समजलं, जीव बॉक्सचा नाही, दादाच्या कानाचा गेला होता, बारीक आवाजापुरता.

त्याच्या पोरीलाही हे माहीत होतं. ती नर्सिंग शिकलेली. नागपूरच्या एका दवाखान्यात तिला नोकरी लागली होती आणि जयंती झाली की ती निघणार होती. जायच्या आधी तिनं जयंतीसाठी एक गाणं स्वतः लिहिलं आणि गायलं. बाप म्हणाला, याचं मिक्स मीच करीन, मशीनला कोणी हात लावायचा नाही. त्यानं ते केलं आणि तिनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या फाटकाशी माझी वाट पाहत उभी होती.

"काका, कान दाखवा म्हटलं त बाबा म्हणते, माह्ये कान हाय, तुह्या दवाखान्याचे नाही. तुमीच सांगा त्याले."

"काय सांगू व माय?"

"गाणं असंच वाजलं त लोक म्हणतीन, पोट्टी किंचाळून राह्यली." ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. "आणि सांगतलं त... बाबाजवळ दुसरं हाय काय, काका?"

एवढंच होतं सगळं. बोललो तर त्याचा कान जाणार. नाही बोललो तर तिचं गाणं जाणार, अख्ख्या गावादेखत, आणि ती तसंच टाकून नागपूरला जाणार. म्हणून मी दादाला म्हटलं, आज तू मशीनवर बस, टाकीखाली मी जातो. तो हसला. "तुहा कान काय कामाचा?" पण बसला.

आणि असा मी त्या टाकीखाली उभा होतो. शेजारी सावलीत काही बाया सुपानं गहू पाखडत होत्या. त्यांतली एक म्हणाली, "मास्तर, पोट्टीचा गळा दुखून राह्यला काय?"

मी तळहात खाली केला.

"काय दाबू?" दादा ओरडला. "ढोलकी?"

"ट्रेबल!"

जणू मी विहार पाडायला सांगितला, तसा तो पाहत राहिला. मग त्यानं थोडं दाबलं. मी हात खालीच ठेवला. त्यानं अजून दाबलं. मी अजून खाली केला. आमच्या रीतीत टाकीखालच्या माणसाशी वाद घालायचा नसतो, आणि ही रीत त्यानंच घातलेली. तो पुटपुटत दाबत गेला, आणि हळूहळू त्या किंचाळण्यातून पोरगी बाहेर आली. तिचा खरा आवाज आला, थोडा जाड, तिच्या मायसारखा. गव्हाचं सूप हवेत थांबलं. ती बाई नुसती ऐकत राहिली.

मी हात सोडला. जमलं.

"काय जमलं बे?" दादा उभाच राहिला. "शब्द कुठं हाय? तोंडात कापूस कोंबला काय पोट्टीच्या? एक शब्द समजून नाही राह्यला!"

रस्त्यावरची माणसं थांबली. माझ्याजवळची बाई त्या गाण्याची ओळ पुटपुटत होती, शब्दांसकट. पोरगी बापाच्या मागं खाली पाहत उभी होती. त्यानं वळून तिच्याकडं पाहिलं. मग टाकीकडं पाहिलं. बाया ऐकत बसल्या होत्या, ते त्याला तिथून दिसत होतं. तो बॉक्सजवळ गेला, जाळीवर तळहात ठेवला आणि गाणं संपेपर्यंत तसाच राहिला. मी ओट्यापाशी पोचलो तेव्हा तो लॅपटॉप मिटत होता. मला वाटलं शिव्या देईल. मी शिव्यांची तयारी ठेवली होती, एकदोन परतीच्याही काढून ठेवल्या होत्या. त्यानं एकही दिली नाही. ती शिवी तो मला अजूनही देणं लागतो.

जयंतीला सकाळी झेंडा झाला आणि गाणं वाजलं, टाकीखालून ठरवलेलं तेच. मागच्या बायांच्या जागी अख्खी गल्ली म्हणत होती. म्हाताऱ्या पोरीच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडत होत्या. दादा गाणंभर बॉक्सजवळ उभा होता, आणि त्याची नजर लोकांच्या ओठांवर होती.

दोन दिवसांनी पोरीला बसमध्ये बसवून आम्ही दोघं विहारात परतलो. बॉक्स अजून ओट्यावरच होते. मला गप्प बसवेना. म्हटलं, "दादा, तुह्यासाठी येगळी कॉपी करून देऊ काय? ट्रेबल उचलून. घरी आयकाले."

तो वायरीचा गुंता सोडवत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "टाकीपाशी शब्द समजले होते?"

"शब्द न् शब्द."

"मंग वायर गुंडाळ."