चुकीच्या दारात

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याबद्दल माफ करा. चौथीनंतर शाळा सुटली. खरं तर ही वही माझ्याशिवाय कोणी वाचणार नाही, तरी माफी आधी मागून टाकली. आयुष्यभर तेच करत आले. रिक्षात कोणी माझ्या पायावर पाय दिला तरी सॉरी मीच म्हणते. आज मात्र राग आलाय आणि तो लिहून काढल्याशिवाय मला जेवण जाणार नाही.

अंबरनाथ पूर्वेला आमच्या बिल्डिंगमधल्या बायकांचा कर्जाचा गट आहे. कर्ज प्रत्येकीच्या नावावर वेगळं, पण जामीन सगळ्या एकमेकींच्या. शुक्रवारी बैठक भरते, वसुलीचा साहेब येतो. एकीचा हप्ता आला नाही तर कोणीच उठायचं नाही. तरीही आला नाही, तर सगळ्यांनी जाऊन तिच्या दारात बसायचं. आजूबाजूच्यांना दिसेल असं. हा नियम कुठल्या कागदावर लिहिलेला मी तरी पाहिला नाही.

गटाची अध्यक्षबाई तिसऱ्या मजल्यावर राहते. ती पुढारीपणाचं ट्रेनिंग करून आली होती. तिथे मिळालेलं सर्टिफिकेट टीव्हीच्या वर टांगलंय. दर शुक्रवारी त्यातलं काहीतरी आम्हाला ऐकवायची. लीडर कसा डोळ्यात डोळे घालून बोलतो, कसा सगळ्यांना सोबत घेऊन चालतो. मग माझ्याकडे बघून म्हणायची, "नाहीतर आमच्या ह्या. लादीशीच बोलतात." बायका हसायच्या. मीही हसायचे.

तळमजल्यावरची वहिनी जीन्सचे खिसे शिवते. कापड उल्हासनगरहून येतं आणि शिवलेले खिसे परत तिकडे जातात. दोन मुली आणि ती, तिघी त्या एका शिलाई मशीनवर जगतात. तिचे हप्ते थकायला लागले. आधी गटाने वर्गणी काढून भरले. मग बायका कुरकुरायला लागल्या. शेवटी एका शुक्रवारी अध्यक्षबाई उठली, पदर खोचला आणि म्हणाली, चला.

आम्ही सगळ्या गेलो आणि वहिनीच्या दारात बसलो. साहेब बाहेर मोबाईल बघत उभा राहिला. अध्यक्षबाई मोठमोठ्याने बोलत होती, म्हणजे वरपर्यंत ऐकू जावं. गटाचं नाव बुडवलंस, आम्ही काय तुझे हप्ते भरायला जन्मलो का, एवढं आहे तर मशीन विक. मशीनचं नाव निघाल्यावर वहिनीची मोठी मुलगी जाऊन मशीनला टेकून उभी राहिली.

मी नेहमीसारखी कडेला, अगदी उंबऱ्याला लागून बसले होते. वहिनी खाली वाकली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "त्या पैशातला रुपया माझ्या घरात आला नाही हो. सही तेवढी माझी."

पुढचंही तिने तसंच हळू सांगितलं. पैसे अध्यक्षबाईने घेतले होते. तिचं स्वतःच्या नावावरचं कर्ज चालू होतं, दुसरं मिळत नव्हतं, म्हणून वहिनीच्या नावावर काढलं. हप्ते मी भरीन म्हणाली. त्या पैशाचे उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारातून विकायला गाऊन आणले. ते विकले जाईनात तशी भरायची थांबली. वहिनी गप्प, कारण धाकटीला शाळेत ॲडमिशन अध्यक्षबाईनेच मिळवून दिली होती. उपकार केलेल्या बाईचं नाव चारचौघींत कसं घ्यायचं? आमच्यातल्या कितीतरी जणी अशा दुसरीसाठी सह्या देऊन बसल्यात. नाही म्हटलं तर वाईट दिसतं ना.

माझे कान तापले. जिने पैसे खाल्ले तीच दारात बसून ओरडत होती, आणि तिला सोबत म्हणून मी बसले होते. मी उभी राहिले.

"उठा सगळ्या," मी म्हणाले. "आपण चुकीच्या दारात बसलोय."

मग वहिनीला म्हणाले, आत्ता मला सांगितलंत ते सगळ्यांना सांगा. तिने रडत रडत सांगितलं. अध्यक्षबाईने नाही म्हटलं नाही. माझ्याकडेच बघून म्हणाली, "अगं बाई, हिला बोलता येतं? मला वाटलं मुकीच आहे."

"बोलता येतं," मी म्हणाले. "बसताही येतं. चला तिसऱ्या मजल्यावर."

आम्ही जाऊन तिच्या सर्टिफिकेटखाली बसलो. साहेबाला त्यात काही रस नव्हता, त्याला हप्ता हवा होता. एका काकीचं म्हणणं, हिची सगळ्या बिल्डिंगमध्ये शोभा करू. मनातून मलाही तेच हवं होतं. अजूनही कधीकधी हवं असतं. पण शोभा करून वहिनीचा हप्ता भरला जाणार नव्हता. मी विचारलं, गाऊन कुठे आहेत? माळ्यावर होते, गठ्ठेच्या गठ्ठे, दोरीसुद्धा न सोडलेले.

दर सोमवारी शिवमंदिराच्या रस्त्याला चादर टाकून गाऊन मांडायचे, असं ठरलं. बसायचं अध्यक्षबाईनेच. आम्ही पाळीपाळीने सोबतीला. पैसे तिच्या हातात द्यायचे नाहीत. ते मी कमरेच्या पिशवीत ठेवायचे आणि शुक्रवारी वहिनीने स्वतःच्या हाताने भरायचे. मला काही "घ्या हो घ्या" ओरडता आलं नाही. ओरडायला काकी होती. मी भाव सांगायचे, हळू आवाजात, आणि तो कमी करायचे नाही. अध्यक्षबाई सुरुवातीला तोंड ओढणीत लपवून बसायची. नंतर ओढणी सुटली, कारण गिऱ्हाईक तिलाच जास्त पटवता यायचं. बोलायला हुशार आहेच ती. याचाच मला जास्त राग येतो.

गटाने भरलेली वर्गणीही त्याच पैशातून परत घेतली. कमी पडले ते तिने स्वतःचे घातले. मध्ये एकदा साहेब हसून मला म्हणाला, तुम्हीच अध्यक्ष व्हा, ट्रेनिंगला पाठवतो. मी म्हटलं, आधी नियम बदला, कोणाच्या दारात बसायला मी बायका नेणार नाही. तो पुढचीची पावती फाडायला लागला.

आज शुक्रवार. वहिनीने शेवटचा हप्ता मोजून दिला. साहेबाने पावती फाडली आणि म्हणाला, "पूर्ण फिटलं." माझा राग मात्र फिटला नाही, दारात बसायचा नियम अजून तसाच आहे.