बोक्याची धर्ममाता

पडदेवालीला दुकान नव्हतं. राहत्या घराची पुढची खोली, तिच्यात भिंतीपासून भिंतीपर्यंत पोचणारं टेबल, खिडकीशी शिवणयंत्र आणि कोपऱ्यात उभ्या केलेल्या कापडाच्या गुंडाळ्या, एवढाच पसारा. लोकांच्या घरी जाऊन खिडक्या मोजायच्या, घरी येऊन कापड बेतायचं, अस्तर लावायचं, चुण्या घालायच्या आणि शेवटी स्वतःच स्टुलावर चढून पडदे टांगून द्यायचे. टांगून झाले की दोन पावलं मागं सरून ती म्हणायची, "झालं. आता शेजाऱ्यांना काही दिसायचं नाही, खुशाल भांडा." गिऱ्हाइकं हसायची. काही हसायची नाहीत, ती खरोखरच भांडणारी असायची.

तिनं लग्न केलं नाही. का, असं विचारणाऱ्याला ती "राहून गेलं" म्हणायची. पुन्हा विचारणाऱ्याला त्याच्या खिडकीची रुंदी विचारायची.

चर्चमधल्या लोकांची मात्र त्यामुळं मोठी सोय झाली. ख्रिस्ती घरात मूल जन्मलं की बाप्तिस्म्याला धर्ममाता लागते. देवावर विश्वास ठेवता का, असं फादर विचारतात. तान्ह्याला काय बोलता येणार? म्हणून त्याच्या वतीनं ती 'होय, ठेवते' म्हणते आणि हे मूल श्रद्धेत वाढेल याची हमी घेते. बहुतेकांच्या लेखी हे काम म्हणजे ठेवणीतले कपडे घालून फोटोत उभं राहणं. पडदेवाली एकटी, वेळेवर येणारी, वर बाळाचा झगाही शिवून देणारी. कुणाची सख्खी बहीण ऐन वेळी रुसून बसली की हिला बोलावणं यायचं.

घोटाळा एवढाच झाला, की तिनं ती हमी खरी मानली. ती मुलांच्या घरी जायची, समोर बसवून विचारायची, "प्रार्थना म्हणतोस का रे? आणि म्हणतोस तर डोळे मिटून, की ताटातलं बघत?" मुलं पलंगाखाली लपायची. मोठी झाल्यावर पलंगाखाली मावेनात, तेव्हा तिला लांबून बघून रस्ता ओलांडायला लागली. एकेक करून सगळी पांगली.

उरला तो बोका. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडल्यावर बाकीची पोरं टाहो फोडतात, हा 'म्यांव' असं काहीतरी म्हणाला आणि नाव पडलं. त्याची आई पडदेवालीची जिवाभावाची मैत्रीण. ती गेली तेव्हा बोका शाळेत होता आणि बाप नोकरीपायी परगावी. थोरल्या बहिणीनं, म्हणजे ताईनं, त्याला सांभाळलं आणि ताईला पडदेवालीनं. आता बोका लिफ्ट दुरुस्त करायचा आणि दर शनिवारी दुपारी न चुकता जेवायला यायचा. कधी बोलायचा, कधी नुसताच शिवणयंत्राला तेल घालून जायचा. पडदेवालीचा आठवडा शनिवारी सुरू व्हायचा, कॅलेंडर काहीही म्हणो.

अशाच एका शनिवारी तिनं ताटं मांडली, हात जोडले आणि नेहमीसारखी ऐसपैस प्रार्थना केली. अन्नाला आशीर्वाद दे, या मुलाला उंचावर काम करताना सांभाळ, आणि रविवारी चर्चमधल्या उपासनेला, मिस्सेला, वेळेवर उठव. शेवटी ती थांबली. समोरून काहीच आलं नाही.

"आमेन कुठं गेलं?"

"मावशी, मला एक सांगायचंय."

"मुलगी पाहिलीस?"

"नाही."

"नोकरी सोडलीस?"

"नाही गं."

"मग मिठाची गुळणी धरून बसू नकोस. सूप निवतंय."

बोक्यानं चमचा उचलला, ठेवला. "ताईच्या छोटीचा पुढच्या रविवारी बाप्तिस्मा आहे ना. ताई म्हणते, धर्मपिता तूच व्हायचं."

"मग? चांगलंच झालं की!"

"मला ते म्हणवणार नाही. 'होय, ठेवतो' ते." तो पाण्याच्या पेल्याकडे बघत बोलत होता. "मी मिस्सेला जात नाही, मावशी. बरेच दिवस झाले. कामाजवळच्या चर्चला जातो म्हणून तुला सांगत होतो, ते खोटं. तिथं एकदाच गेलो. घंटेची मोटर अडकली होती म्हणून."

"कुणी काही बोललं का तुला? भांडण झालं?"

"भांडण झालं असतं तर बरं होतं, मिटवता तरी आलं असतं. एकदा बाकावर बसलो होतो आणि लक्षात आलं, की मी नुसताच बसलोय. समोर कुणी आहे असं काही वाटतच नाही. मग वाट पाहिली. पुन्हा वाटेल म्हणून. नाही वाटलं." त्यानं मान वर केली. "तू उभी राहा ना माझ्या जागी. तुला काय, सवयच आहे."

"मी काय राखीव खेळाडू आहे? एक लंगडला की मला मैदानात उतरवायचं?"

"आणि दुसरं म्हणजे, माझी जी हमी घेतलीस ना, ती सोडून दे आता. मी मोकळं करतो तुला. तू माझ्या नावानं गुडघे झिजवतेस, मला कसंतरीच होतं."

बिचाऱ्यानं मायेनंच म्हटलं होतं. पण पडदेवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मोकळं करतोस? तू? मला? ऊठ. ऊठ आणि चालायला लाग!"

तो उठला. दारात क्षणभर रेंगाळला आणि गेला. सूप दोन्ही ताटांशी तसंच राहिलं.

दुपारी तिनं एक पडदा चुकीचा कापला. खालची पट्टी दुमडायला कापड सोडायचं असतं, हे शिकाऊ पोरीलाही कळतं. तिनं सोडलंच नाही. आखूड झालेलं कापड टेबलावर पसरून ती त्याच्याकडे बघत बसली. लोकांना वाटेल, तिला बोक्याच्या आत्म्याची चिंता लागली होती. ती होतीच, पण आधी लागली ती शनिवारची. देव नको म्हणणारा पोरगा देवाच्या नात्यानं मिळालेल्या मावशीकडे कशाला येईल? रक्ताचं तर काही नव्हतं.

मग एक सोपी वाट सुचली. फोन करून सांगायचं, म्हणून टाक रे बाबा! मनापासून कोण म्हणतं? निम्मे पुरुष 'ठेवतो' म्हणताना फोटोवाल्याकडे बघत असतात. ताई खूश, चर्च खूश, आणि एका धाग्यानं का होईना पोरगा बांधलेला राहील. तिनं फोन उचललासुद्धा. आणि तो हातात धरूनच तिच्या ध्यानात आलं, की आयुष्यभर आपण पोरांना वेदीसमोर खरं बोलायला शिकवलं, आणि आता स्वतःच्या शनिवारसाठी याला तिथं खोटं बोलायला लावणार. तिनं फोन ठेवला. जरा आपटूनच ठेवला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, मिस्सा संपल्यावर तिनं फादरना दारातच गाठलं. हे फादर सज्जन होते, पण वाक्य सुरू करायच्या आधी घसा साफ करायला त्यांना फार वेळ लागे.

"फादर, लांबण नको. एखाद्याचा विश्वास नसला तर त्यानं धर्मपिता व्हावं का?"

फादरनी घसा साफ केला. "होऊ नये. ज्याला 'होय' म्हणता येत नाही त्यानं म्हणू नये. त्यातच देवाचा आदर आहे. एक धर्ममाता पुरते, बाई."

"आणि त्या माणसाची हमी आधी दुसऱ्या कुणी घेतली असेल तर? तो म्हणतो, सोडून दे."

"ती हमी तुम्ही कुणाला दिली होती?" फादरना सगळं कळलं होतं, हे तिला तेव्हा कळलं.

"तुम्हाला नाही, एवढं नक्की. तेव्हाचे फादर वेगळे होते."

फादर हसले. ती हसली नाही. घरी पोचेपर्यंत तोच प्रश्न तिच्या डोक्यात घोळत राहिला.

सोमवारी ती बोक्याच्या कामावर गेली. कचेऱ्यांची इमारत, खाली 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी. कठड्याला धरून, गुडघ्यांना दोष देत ती वर चढली. एका मजल्यावर लिफ्टची दारं उघडी होती आणि जमिनीतून बोक्याचं मुंडकं वर आलेलं होतं. तो खाली अडकलेल्या लिफ्टच्या टपावर उभा होता. कपाळावर दिवा, हातात पाना.

"मावशी! तू जिन्यानं आलीस?"

"लिफ्ट बंद आहे म्हणे. दुरुस्त करणारा कामचुकार दिसतो." ती त्याच्या अवजारांच्या पेटीवर टेकली. दम खायला तिला वेळ लागला. "हे बघ. रविवारी तू 'होय' म्हणायचं नाहीस."

पाना खाली ठेवल्याचा आवाज झाला. "मला वाटलं, म्हणायला लावायला आलीस."

"लावलं असतं. शनिवारी फोन उचलला होता त्यासाठीच."

"मग?"

"मग ठेवला. मी उभी राहते. तू मामा म्हणून ये. मामाला कुणी काही विचारत नाही. ताईला मी सांगते."

"ताई फाडून खाईल."

"मला खाईल. मी चिवट आहे."

तो हसला नाही. "आणि ती हमी?"

"ती तुझ्याकडे आहेच कुठं, परत करायला? मी ती देवाला दिली. त्याचं आणि माझं आम्ही बघून घेऊ, तू मध्ये पडू नकोस."

"म्हणजे प्रार्थना करत राहणार तू."

"राहणार. पण तुला ऐकवण्यासाठी करणार नाही. ते माझं चुकतच होतं."

बोक्यानं बाहीनं तोंड पुसलं, काळं आणखी पसरलं. "मावशी, मला पुन्हा कधीच काही वाटलं नाही तर?"

वाटेल रे, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण तिला ते ठाऊक नव्हतं. "तर तसाच ये," ती म्हणाली. "शनिवारी ये. अंडी-बटाटे करीन."

खालून कुणीतरी ओरडलं, "अहो, लिफ्ट आज होणार आहे का?"

"थांबा जरा!" पडदेवाली वाकून ओरडली. "इथं दोन माणसं अडकलीत!"

ताईनं खरोखरच फाडून खाल्लं. बाळाला थोपटता थोपटता ती दबक्या आवाजात बोलत होती आणि तो दबका आवाज ओरडण्याहून वाईट होता. लोक काय म्हणतील, आई असती तर तिला काय वाटलं असतं, आणि शेवटी, "तुझ्याच लाडानं झालं हे, मावशी."

हे लागलं. पडदेवालीनं ते गिळलं. "तसंही असेल. पण तुझ्या लेकीच्या पहिल्याच सोहळ्यात तिच्या मामानं तिच्या नावानं खोटं बोलावं, हे तुला चालेल?"

ताईनं बाळाचं दुपटं नीट केलं. मग म्हणाली, "मागच्या बाकावर बस म्हणावं त्याला. माझ्यासमोर नको."

बाप्तिस्म्याच्या रविवारी बोका इस्त्रीचा शर्ट घालून मागच्या बाकावर बसला. पडदेवाली बाळाला घेऊन फादरसमोर उभी राहिली. शेजारी ताई, आणि बाळाचा बाप मोबाइलवर चित्रण करण्यात दंग.

"देवावर विश्वास ठेवता का?"

हा प्रश्न तिनं इतक्यांदा ऐकला होता, की उत्तर शाळेतल्या हजेरीसारखं ठोकून द्यायची. आज ती थांबली. ताईनं दचकून पाहिलं. मागच्या बाकावरच्या पोरासाठी आता तिला उत्तर देता येत नव्हतं, कडेवरच्या पोरीचं तर पुढं काय होईल कुणी सांगावं. राहता राहिली ती स्वतः.

"ठेवते," ती म्हणाली. नेहमीपेक्षा हळू.

पाणी पडलं आणि छोटीनं छप्पर डोक्यावर घेतलं. पडदेवालीला आता विधीप्रमाणे बाळाच्या नावाची मेणबत्ती पेटवायची होती, म्हणून तिनं बाळ ताईकडे दिलं. ताईनं खांद्यावर घेतलं, आडवं केलं, हलवलं. पोरगी धनुष्यासारखी वाकून किंचाळत होती. बाप चित्रणच करत होता. फादरनी घसा साफ केला, तो कुणाला ऐकू गेला नाही. ताईचे डोळे भरून आले होते. तिनं सगळ्या बाकांवरून मागं नजर टाकली, शेवटच्या बाकापर्यंत, आणि हनुवटीनं खूण केली.

बोका आला. त्यानं बाळाला कोपरावर पालथं घातलं आणि दुसऱ्या हातानं पाठीवर सावकाश थापट्या मारायला लागला. दोन हुंदके, एक उचकी, आणि शांतता. बाळ घेऊन तो मागं जायला वळला, तेव्हा ताईनं त्याची बाही धरली.

"इथंच थांब," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "हलवू नकोस आता तिला."

तो थांबला. पडदेवालीनं पेटती मेणबत्ती दोघांच्या मध्ये धरली. मेण ओघळून तिच्या बोटावर आलं, तरी तिनं हात हलवला नाही.

"फादर," ती कुजबुजली, "झोपलीय तोवर पुढचं उरका."