नारिंगी बटण

माझ्या बायकोचं नवंकोरं दातांचं क्लिनिक मी एकट्याने, घरबसल्या आणि एक पैसाही न घेता तीन महिने रिकामं ठेवून दाखवलं.

मेघना दातांची डॉक्टर. बारा वर्षं दुसऱ्यांच्या क्लिनिकमध्ये दात काढल्यावर तिने वारज्यात स्वतःचा गाळा घेतला. "दिवाळीपर्यंत बघते," ती म्हणाली. "नाही जमलं तर गाळा बंद करून परत जुन्या सरांकडे नोकरीला." जुने सर म्हणजे तिला अजूनही 'ए मुली' म्हणणारे गृहस्थ. तिथे परत जायच्या नुसत्या कल्पनेनेच तिला ॲसिडिटी व्हायची.

"वेबसाइट मी करतो!" मी छाती पुढे काढली. मी आयटीत टेस्टिंगला आहे. म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. (स्वतःच्या शोधण्याचा मिळत नाही, हे लक्षात असू द्या.)

दोन आठवडे खपून मी वेबसाइट केली. कम्प्युटरवर ती इतकी देखणी दिसायची की मी जाता-येता उघडून बघायचो. मेघनाने ती मोबाइलवर उघडली आणि पडदाभर एक अजस्र दाढ आली. बोटाने कितीही सरकवली तरी दाढच!

"डॉक्टर कुठेय?" तिने विचारलं.

"उजवीकडे जा. अजून. अजून थोडं... हां, हा बघ तुझा कान दिसला! मोबाइलवर बघायची मुळात ही साइटच नाही."

"अरे, दात ठणकणारा माणूस गालावर हात धरून आधी कम्प्युटर चालू करतो का?"

ह्या वाक्यातलं शहाणपण कळून मी आठवडाभर पुन्हा खपलो. अक्षरं मोठी केली, दाढ लहान केली आणि मोबाइलच्या पडद्यावर कायम दिसेल असं एक जाडजूड नारिंगी बटण बसवलं : 'डॉक्टरांशी बोला'. दाबलं की थेट फोन लागणार. मी माझ्या मोबाइलवरून दाबलं, रिंग गेली, लगेच बंद केलं. टेस्ट पास!

आणि मग ते कोडं सुरू झालं. रोज किती लोक बटण दाबतात हे मला दिसायचं. कधी आठ, कधी दहा, एका सोमवारी तर चौदा! क्लिनिकमध्ये मात्र शुकशुकाट. मेघना आपली पांढरा कोट घालून मासिकं चाळत बसलेली. माणूस बटण दाबतो आणि नाहीसा होतो, हे काय गौडबंगाल? माझी झोप उडाली. वेबसाइटवर छापलेला क्लिनिकचा नंबर मी एकेक आकडा मोठ्याने वाचून तपासला. बरोबर! ऑफिसातल्या दोघांना दाखवला. बरोबर! मग उरली एकच शक्यता, आणि एका सकाळी मी ती चहाबरोबर बोलून दाखवली.

"मेघना, तू फोनवर लोकांशी नक्की कशी बोलतेस?"

"म्हणजे?"

"नाही, जरा तुटक..."

"फोन आला तर बोलेन ना!" म्हणत तिने माझ्यासमोरचा चहा उचलून नेला. मग दारातच थांबून हळूच म्हणाली, "जुन्या सरांना काल मेसेज केलाय मी."

त्याच संध्याकाळी कर्वेनगरच्या चौकात, चिंतेच्या भरात, मी शेंगदाण्याची चिक्की खाल्ली. 'कट्' असा आवाज झाला. तो चिक्कीचा नव्हता. दाढेतून थेट मेंदूत सणक गेली. मेघनाला फोन केला, तिने उचलला नाही. (चहाचा राग.) क्लिनिकचा नंबर माझ्याकडे सेव्ह नव्हता. घरचीच डॉक्टर असताना क्लिनिकला कोण फोन करतो? गालावर हात धरून मी मोबाइलवर वेबसाइट उघडली आणि नारिंगी बटण दाबलं.

"हं. बोला," पलीकडून एक खर्जातला आवाज आला. "वरची की खालची?"

"खायची," मी कसाबसा म्हणालो.

"खायची नाही, खालची. नीट बोला. कधीपासून?"

"आत्ता. शिक्की खाल्ली."

"वय?"

"पंशेशाळीस."

"ह्या वयात चिक्की? शाबास! कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करा आणि दोन दिवसांनी कळवा. ऊठसूट डॉक्टरांना त्रास द्यायचा नाही. नाव?"

हा आवाज मी ओळखत होतो. शाळेतल्या प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वी ह्याच आवाजाने माझी सालटी काढली होती!

"बाबा! मी मिलिंद!"

"मिलिंद," पलीकडे पेनाचा आवाज. "आडनाव?"

"तुमशंश!"

तर झालं होतं असं. बटण करताना त्याच्यामागे चाचणीपुरता कुठला तरी नंबर घालायचा होता. मला तोंडपाठ असलेला एकच नंबर म्हणजे बिबवेवाडीच्या घरचा लँडलाइन, लहानपणापासूनचा. तिथे हल्ली कोणी फोन करत नाही, आम्हीही बाबांच्या मोबाइलवरच करतो, म्हणून तो बिनधास्त घातला आणि विसरलो. छापलेला नंबर बरोबर, बटणामागचा बाबांचा! कम्प्युटरवर बटणाने फोन लागतच नाही, त्यामुळे चूक फक्त दात दुखणाऱ्यांनाच भोवली.

मी तसाच रिक्षाने बिबवेवाडीला गेलो. वाटेत मेसेज टाकून मेघनालाही बोलावून घेतलं. बाबा सरकारी कचेरीत आवक-जावक विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी वही पुढे ठेवली. नाव, वय, वरची की खालची, किडकी की हलती, फोन नंबर. पानंच्या पानं!

"बाबा, तुम्ही आम्हाला विचारलं कसं नाहीत?"

"मला वाटलं, तुम्ही मला कामाला लावलंय. सांगायची पद्धत आपल्या घरात आहे कुठे?" मग मेघनाकडे वळून ते म्हणाले, "एवढे फोन यायचे! म्हटलं, केवढी प्रॅक्टिस आहे पोरीची, एकटी किती राबेल? किरकोळ दुखणी आपण इथेच परतवावीत."

मेघना रागावेल म्हणून मी मान खाली घातली होती. पण ती वहीचं एकेक पान उलटत होती आणि तिचे डोळे भरले होते. "बाबा," ती म्हणाली, "उद्यापासून क्लिनिकमध्ये येऊन बसाल?"

दुसऱ्या दिवशी दोघांनी मिळून वहीतल्या प्रत्येकाला फोन केला. आठवड्याभरात बाकं भरली. लोक दारातूनच विचारायचे, "ते फोनवरचे काका कुठेत?" जुन्या सरांना 'येत नाही' असा दुसरा मेसेज गेला.

काउंटरवर आता बाबा बसतात. प्रत्येक पेशंटकडून एक फॉर्म भरून घेतात. त्यात शेवटचा प्रश्न आहे : 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' परवा मी सगळे फॉर्म चाळले. बहुतेकांनी लिहिलंय, 'काकांकडून'. 'वेबसाइटवरून' असं लिहिलेला फॉर्म सबंध गठ्ठ्यात एकच निघाला. खालची डावी दाढ, वय पंचेचाळीस, कारण : चिक्की.