गच्चीची किल्ली

आमच्या इमारतीवर तिघांची सत्ता होती. एक नगरपालिका, तिला आम्ही कर भरायचो. दुसरे सोसायटीचे अध्यक्ष, त्यांना आम्ही मतं द्यायचो. आणि तिसरी तळमजल्यावरची मावशी. तिला आम्ही काहीच देत नव्हतो, पण ऐकायचो तिचंच.

मावशीच्या ताब्यात गच्ची होती. गच्चीवर नऊ दोऱ्या आणि इमारतीत बिऱ्हाडं चोवीस. हे गणित कुठल्याही शाळेत सुटणार नाही, पण मावशी ते रोज सकाळी आठ वाजता तोंडी सोडवायची. गळ्यात जांभळ्या नाडीला अडकवलेली किल्ली, काखेत चिमट्यांचा पत्र्याचा डबा आणि तोंडात दुखऱ्या गुडघ्याला घातलेल्या शिव्या, अशा थाटात ती पाच जिने चढून वर यायची. आम्ही बादल्या घेऊन दारापाशी उभे असायचो. बँकेतला मॅनेजरसुद्धा तिथे पिळलेला टॉवेल हातात धरून मुकाट उभा राहायचा.

ती सव्वीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात होती. कपड्याला नुसता हात लावून तो किती वाजता वाळेल ते सांगायची. डॉक्टर नाडी बघतात तशी ही शिवण बघायची. "तुझा शर्ट कोरडा झालाय, पण कॉलर अजून रडतेय. राहू दे अर्धा तास," असं ती म्हणाली की अर्धा तास राहू द्यायचा.

"ही जीन्स कोणाची?"

"माझी, मावशी."

"जीन्स म्हणजे म्हैस असते बाबा. हिला लोळायला अख्खा दिवस लागतो. बाळाच्या दुपट्यांमध्ये कुठे बांधतोस? चल, तिकडे सातव्या दोरीवर ने."

की म्हैस निघाली सातव्या दोरीकडे.

पहिल्या तीन दोऱ्यांना वारा होता, मधल्या तिघींना ऊन, पुढच्या दोघींना थोडं थोडं दोन्ही. नववी दोरी पाण्याच्या टाकीखाली. तिथे ऊन दुपारी पाहुण्यासारखं यायचं आणि चहाही न घेता निघून जायचं. तिला आम्ही 'सावत्र दोरी' म्हणायचो.

हा कारभार मावशीकडे आला कसा, हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ अकरा वर्षांपूर्वी आठ दिवसांसाठी परगावी जाताना किल्ली तिच्याकडे ठेवून गेले आणि पुढे तिकडेच राहिले म्हणतात. बहुतेक सत्ता अशीच येत असावी. कोणीतरी किल्ली सांभाळायला देतो आणि परत मागायला विसरतो.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग दुसऱ्या मजल्यावर शिक्केकाका राहायला आले.

काकांनी चौतीस वर्षं नोंदणी कार्यालयात शिक्के मारले होते. त्यामुळे शिक्का नसलेली कुठलीही गोष्ट या जगात खरोखर घडली आहे, यावर त्यांचा चटकन विश्वास बसत नसे. काकू म्हणायच्या, "आमच्या लग्नाचाही दाखला दर वर्षी काढून बघतात. खात्री करून घेतात." तरी दोन वर्षं काका गप्प होते. मग एका रविवारी मावशीने दोन नंबरच्या दोरीवरची त्यांची चादर काढली आणि चार नंबरवर टाकली. काकांनी ते डोळ्यांनी पाहिलं.

"थांबा! ही चादर तुम्ही कोणाच्या अधिकारात हलवलीत?"

"हातानं हलवली."

"मी अधिकार विचारतोय, अवयव नाही."

"अहो, दोन नंबरला वारा आहे. पातळ कपडा दोन तासांत सुटतो. सिस्टरला पाच वाजता ड्युटीवर जायचंय, तिचा युनिफॉर्म तिथे लागणार." सिस्टर म्हणजे पहिल्या मजल्यावरची नर्स. तिच्याकडे दोनच युनिफॉर्म होते, एक अंगावर आणि एक दोरीवर. "तुमची चादर जाडजूड. तिला ऊन हवं, ते चारवर आहे. आणि तिला कुठे ड्युटीवर जायचंय?"

"तो मुद्दाच नाही. हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण?"

मावशीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग चिमट्यांचा डबा उघडला आणि तोही मिटला. अकरा वर्षांत तिला उत्तर सुचलं नाही असं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. आम्ही आपापल्या बादल्यांमध्ये बघत राहिलो.

पुढच्याच रविवारी जिन्याखाली, सायकली लावतात तिथे, सभा भरली. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. कुठलंही दुखणं मुळापासून उपटून अर्ध्या तासात मोकळं व्हायची त्यांना सवय. काका फाइल घेऊन उभे राहिले.

"माझं वैयक्तिक काही नाही. मी फक्त तीन प्रश्न विचारतो. नेमणुकीचं पत्र आहे का? ठराव आहे का? मुदत आहे का?"

तिन्ही नव्हती. काका म्हणत होते ते खोटं नव्हतं. उद्या एखाद्या लहरी माणसाच्या हातात किल्ली गेली तर? उद्या मावशीनेच डूख धरला तर? आणि खरं सांगायचं तर मावशी काही देवमाणूस नव्हती. तिच्याशी जिन्यात न बोलता गेलेल्या बाईचे कपडे दोन दिवस आठ नंबरवर असायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मावशीऐवजी दोऱ्यांचं वेळापत्रक असावं की नाही, यावर हात वर करायला सांगितलं. तेव्हा माझाही हात वर गेला. का गेला ते सांगून टाकतो. महिन्यापूर्वी मावशीने माझा बनियन भर गच्चीत, सगळ्यांसमोर दोन बोटांत उंच धरला होता आणि विचारलं होतं, "हा बनियन आहे की खिडकी?" लोक तत्त्वासाठी मत देतात असं पुस्तकांत वाचलं आहे. मी बनियनसाठी दिलं.

वीस हात वर गेले. काकूंचा गेला नाही. काकांनी त्यांच्याकडे बघितलं, तर त्या सायकलची घंटी पुसत होत्या.

मावशीने गळ्यातली किल्ली काढली. नाडी चष्म्यात अडकली. ती सोडवायला तिला बराच वेळ लागला आणि तेवढ्या वेळात आम्हाला आपले चेहरे कुठे ठेवावेत ते कळेना. किल्ली टेबलावर ठेवून ती म्हणाली, "सहा नंबरची गाठ सैल झालीय. जड काही टाकू नका." आणि आपल्या खोलीत गेली. तिची खोली तिथेच, चार पावलांवर. पण दार लागल्याचा आवाज आम्हा सगळ्यांना लांबून आला.

काकांनी वेळापत्रक केलं, ते मात्र देखणं होतं. नऊ दोऱ्या, रोज तीन पाळ्या, म्हणजे सत्तावीस जागा. बिऱ्हाडं चोवीस, उरलेल्या तीन जागा राखीव. प्रत्येकाला रोज एक दोरी, तीन तास, आणि दोरी रोज बदलणार. कोणावर अन्याय नाही. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून गच्चीच्या दाराला लावला होता आणि खाली शिक्का होता. काकांनी निवृत्त होताना शिक्का घरी आणला नव्हता, म्हणून त्यांनी नवीन बनवून घेतला: 'गच्ची विभाग'.

एकच चूक झाली. वेळापत्रक टाकीच्या सावलीने वाचलं नाही.

हातरुमालाला तीन तास आणि जीन्सलाही तीनच तास. रुमाल वाळून कडक व्हायचे आणि कुरकुरायचे. म्हशी तीन तासांनी निथळत घरी यायच्या आणि खुर्च्यांवर बसायच्या. चौथ्या मजल्यावरच्या बाळाची सकाळची पाळी, पण त्याच्या पोटाने वेळापत्रक पाळायचं नाकारलं. काका दुपारी दोन ते चार झोपत, तेवढा वेळ किल्लीही झोपे. लोक मग दुसऱ्यांच्या जागेत घुसू लागले. काकांनी शिट्टी आणली. शिट्टी वाजली की लोक शिट्टीकडे बघायचे, 'छान आहे हो' म्हणायचे आणि टाकायचं ते तिथेच टाकायचे. ज्या माणसांना मावशी नुसत्या भुवईने हलवायची, ती शिक्का आणि शिट्टी मिळूनही हलेनात. काका दिवसातून दहादा जिने चढत होते. पाचव्या दिवशी त्यांनी स्वतःचीच दुलई स्वतःच्याच पाळीत, नियमाप्रमाणे, सहा नंबरवर टाकली. दोरी तुटली. दुलई बँक मॅनेजरच्या सात पांढऱ्या शर्टांना घेऊन खाली आली.

मी मावशीकडे गेलो. म्हटलं तर सहज, म्हटलं तर तोंड दाखवायला. ती पलंगावर बसून चिमटे निवडत होती, लाकडी एकीकडे, प्लॅस्टिकचे एकीकडे. निवडून झाले की पुन्हा एकत्र करत होती.

"गुडघा कसा आहे, मावशी?"

"झकास. आता काम काय त्याला?" मग म्हणाली, "त्यांचा प्रश्न चूक नव्हता रे. हॉस्पिटलात माझ्याकडे कागद होता. हेड म्हणून सही होती साहेबांची. इथे काय होतं? रोज पहाटे जाग येते, पंख्याकडे बघते आणि विचार करते, खरंच, मी कोण?"

मी दोन चिमटे चुकीच्या ढिगात टाकले आणि तिने ते न बघता परत उचलून बरोबर ठेवले.

त्या गुरुवारी पाळीप्रमाणे काकांच्या वाट्याला सावत्र दोरी आली. गुरुवारी टाकलेली चादर गुरुवारी वाळली नाही. राखीव जागा वापरून शुक्रवारीही ठेवली, तरी नाही. शनिवारी तिला वास यायला लागला. काका चादर हातात घेऊन घरी आले. पुढचं संभाषण काकूंनीच आम्हाला सांगितलं आणि एकदा नाही, निदान सहा वेळा.

"या दोरीवर कपडे वाळूच शकत नाहीत! दोन वर्षं आपले कपडे कधी इथे नव्हते. कोणाचेच नव्हते. ही दोरी रिकामी असायची की काय?"

"रिकामी कशी असेल? राखाडी गाउन, दोन टॉवेल आणि मोज्यांचा एक जोड. रोज."

"कोणाचे?"

"किल्ली ज्यांच्या गळ्यात होती त्यांचे. तुम्ही अधिकार शोधत होतात वर, कागदावर. तो खाली टपकत होता."

तो राखाडी गाउन आम्ही सगळ्यांनीच अकरा वर्षं पाहिला होता. त्याच्याखालून वाकून आम्ही टाकीचा नळ बंद करायला जायचो, पाठीवर थेंब पडायचे. कोणाचा, हे मनात आलं नव्हतं.

काकांनी रात्रभर काय विचार केला ते काकूंनी सांगितलं नाही. रविवारी सकाळी ते मावशीच्या दारात उभे राहिले. एका हातात किल्ली, दुसऱ्या हातात नेमणुकीचं पत्र. स्वतःच्या सही-शिक्क्यासह. आम्ही जिन्याखाली सायकलींची हवा तपासत होतो, एकदम सहा जण.

मावशीने पत्र चष्मा पुसून वाचलं.

"मुदत लिहिली नाहीत."

"म्हटलं, कायमचीच—"

"कायमची कशाला? मी काय टाकी आहे? वर्षाची लिहा. आणि वर्ष संपलं की वर यायचं, सगळ्यांसमोर उभं राहायचं आणि त्या दिवशी विचारलंत तेच विचारायचं."

"म्हणजे... तुम्ही कोण, ते?"

"तेच. अकरा वर्षं कोणी विचारलंच नव्हतं, म्हणून त्या दिवशी जीभ अडली. विचारत राहिलात तर उत्तर तयार ठेवावं लागेल मला."

"आणि उत्तर पटलं नाही तर?"

"तर किल्ली टेबलावर. जागा माहितीय मला." मग तिने नाडी गळ्यात घातली. "सहा नंबरला नवी दोरी आणलीत का? नसेल तर आणा. तुमच्याच दुलईनं तोडलीय."

काका दोरी आणायला गेले. शिट्टी काकूंनी बाळाला दिली. बाळाच्या आईला तो निर्णय अजूनही पटलेला नाही.

गेल्या रविवारी वर्ष पुरं झालं. आम्ही सगळे बादल्या घेऊन गच्चीवर जमलो. काका इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. त्यांनी घसा साफ केला, कागद उघडला आणि विचारलं, "हे सगळं ठरवणाऱ्या तुम्ही कोण?"

मावशीने सिस्टरकडे पाहिलं. "वर्षभरात ओला युनिफॉर्म घालून गेलीस का कधी?"

"एकदाही नाही, मावशी."

"बाळाची दुपटी?"

"वेळेवर," बाळाची आई म्हणाली.

"जिन्यात बोलत नाही म्हणून कोणाला आठ नंबर?"

एक बाई मागून म्हणाल्या, "मे महिन्यात एक दिवस."

"एक दिवस. मान्य," मावशी म्हणाली. "माझा गाउन कुठे आहे?"

सगळ्यांच्या माना टाकीकडे वळल्या. गाउन होता तिथेच होता, टपकत.

"झालं माझं उत्तर. पटलं असेल तर ती दोन नंबरवरची चादर काढा. सिस्टरचा युनिफॉर्म यायचाय."

चादर काकांचीच होती. काकांनी सवयीने विचारलं, "कोणाच्या अधिकारात?"

"तुमच्याच. पत्रावर सही कोणाची आहे?"

काकांनी चादर काढली. हातानं. आम्ही टाळ्या वाजवल्या आणि आपापले कपडे झटकायला लागलो. मी गर्दीचा फायदा घेऊन माझा बनियन हळूच टॉवेलच्या आड टाकत होतो. तेवढ्यात मागून दोन बोटं आली आणि त्यांनी तो उंच धरला.

"गेल्या वर्षी खिडकी होती," मावशी म्हणाली. "आता दार झालंय."

मी तो तिने सांगितलं तिथे, पाच नंबरवर, भर उन्हात टाकला.