दोनदा साबण लावलेलं कापड

मला राग पटकन येतो, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे. तो का येतो, याची चौकशी मात्र कुणी केल्याचं आठवत नाही.

जयपूरच्या एका मुलींच्या शाळेत मी निवृत्त होईपर्यंत चित्रकला शिकवली. म्हणजे शिकवू दिली तेवढी. परीक्षा जवळ आली की माझे तास गणिताला जायचे. पाहुणे येणार असले की मला वर्गातून उठवून स्वागताचा फलक रंगवायला बसवायचे. आमच्या मराठी मंडळाची तऱ्हाही तीच. गणपती आले की, "वहिनी, यंदाचं मखर तुमच्याकडे बरं का. तुमच्या तर हातचा मळ आहे." माझं एखादं चित्र बघायला त्यातलं कुणी कधी फिरकलं नाही. वर्गात मी पहिल्याच दिवशी एक नियम सांगायची: दुसरीच्या अपुऱ्या कामाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. शाळकरी मुलींना ते एकदा सांगून कळायचं.

निवृत्तीनंतर मी जयपूरजवळच्या बगरू गावाला जायला लागले. तिथले छापणारे कापडावर चिखलाचे ठसे उमटवतात. माती, चुना आणि डिंक यांचा तो लगदा. तो वाळला की कापड निळीच्या हौदात बुडवायचं. चिखलाखाली नीळ शिरत नाही, म्हणून धुतल्यावर तेवढी जागा पांढरी निघते. मी त्यांचे लाकडी ठसे बाजूला ठेवले आणि ब्रश घेऊन चिखलानंच चित्र काढायला लागले. यात मारलेली रेघ परत घेता येत नाही, आणि शेवटी धुवेपर्यंत चित्र नीट दिसतही नाही. दिसतो तो नुसता मळकट पसारा. कुठे निळं येईल, कुठे पांढरं राहील, ते सगळं डोक्यात धरून बसावं लागतं. या वयात मला हे सापडलं, याचा मला कोण आनंद झाला होता.

गेल्या हिवाळ्यात माझं पहिलं एकटीचं प्रदर्शन ठरलं. मधल्या मोठ्या भिंतीसाठी मी साडीएवढं लांब कापड करत होते. विद्याधर नगरातल्या आमच्या गच्चीवर कित्येक दुपारी गुडघे टेकून काढले. चिखल वाळला, आता दुसऱ्या दिवशी ते बगरूला नेऊन बुडवायचं होतं. चौकटीच्या पट्ट्या आणायला मी झोटवाड्याला गेले. परतले तेव्हा गच्चीतल्या दोरीवर एक पांढरंशुभ्र कापड वाळत होतं.

आमचे हे विम्यातले निवृत्त अधिकारी, टापटिपीचे. खुशीत सांगायला लागले, "अगं, संध्याकाळी मंडळाची माणसं येणार, म्हटलं गच्चीवरच चहा घेऊ. पण किती चिखल होता त्या कापडाला. दोनदा साबण लावावा लागला."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय बोलले ते खालच्या मजल्यावरही ऐकू गेलं असणार. ते ओशाळले आणि म्हणाले, "पुन्हा काढ ना. चिखल मी कालवून देतो." जणू पोळीच करपली होती.

लेक जयपुरातच वाढली, त्यामुळे तिचं मराठी अडखळतच चालतं. ती फोनवर म्हणाली, "आई, बाबांनी मतलब... चांगल्यासाठीच केलं ना?" हो, चांगल्यासाठीच. मुद्दाम केलं असतं तर निदान भांडून मोकळी झाले असते. पण हा माणूस त्या सगळ्या दुपारी माझ्याशेजारी खुर्ची टाकून पेपर वाचत होता, मला चहासुद्धा आणून देत होता. बायको गुडघे मोडून तिथे काय करतेय, हे त्याला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. मला राग धुण्याचा नाही, याचा आहे.

प्रदर्शनात त्या भिंतीवर जुनंच काहीतरी टांगलं. ते संपल्यावर एकदा जेवताना यांनी मान खाली घालून विचारलं, "त्या कापडावर होतं काय?" इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या चित्राबद्दल त्यांनी विचारलेला हा पहिला प्रश्न.

त्यावर हेच होते. लग्नानंतर बदलीवर या गावात उतरलो त्या सकाळचे, स्टेशनबाहेर वळकटीवर बसलेले, माझ्याकडे बघून हसणारे. सांगितलं असतं तर ते रडले असते, आणि मग मलाच त्यांची समजूत काढावी लागली असती. मी त्यांना भात वाढला. अजूनही सांगितलेलं नाही.