हातांची फाइल

मी तयार केलेल्या कॉम्प्युटरच्या खेळात एकच काम आहे: समोर आलेल्या बाईच्या हातात बांगड्या भरायच्या. मारामारी नाही, गाड्या नाहीत. सोलापूरच्या बसमधून उतरलेल्या बायका येतात, हात पुढं करतात, आणि खेळणाऱ्यानं बांगडी धड मनगटापर्यंत न्यायची. फुटलीच तर पडद्यावर 'वाढली' अशी अक्षरं येतात, कारण आमच्या धंद्यात फुटली म्हणत नाहीत. आम्ही मनियार. तुळजापुरात देवळाच्या रस्त्याला आमचं बांगड्यांचं दुकान आहे, आणि ते माझी थोरली बहीण चालवायची. मी तिला आपा म्हणायचो. खेळ मी माडीवरच्या खोलीत बसून एकट्यानं केला, पण त्यातली दुकानदारीण तीच. तिचे हात मी तिला समोर बसवून काढले. चेहरा तिनं काढू दिला नाही. "तोंड कशाला? गिऱ्हाईक माझं तोंड बघायला येतंय व्हय?" म्हणाली.

खेळ मी मुद्दाम उघडा ठेवला. म्हणजे चित्रं एका साध्या फोल्डरमध्ये, बायकांची बोलणी साध्या मजकुराच्या फाइलमध्ये. ज्याला बदलायचंय त्यानं आपलं चित्र त्याच नावानं तिथं ठेवावं, झालं काम. याला मॉड करणं म्हणतात. खेळ बनवणारे माझे ओळखीचे मला वेड्यात काढायचे. मला मात्र कुलूपबंद खेळांचा राग येतो. विकत घेतलेली वस्तू उसवून बघता येत नसेल तर ती आपली कसली? शिवाय बांगड्या भरताना बाईशी बोलावं लागतं. बोलण्यात गुंतली की तिचा हात सैल पडतो, आणि ते बोलणं गावागणिक वेगळं. मी एकटा कुठवर लिहिणार? उमरग्याकडच्या एकानं सगळी बोलणी कानडीत केली. दुसऱ्या एका महाभागानं बायका काढून पैलवान आणले. मांडीएवढे दंड, आणि बांगडी चढताना "आई गं" म्हणून ओरडतात. आपा ते बघून एवढी हसली की दुकानात गिऱ्हाईक ताटकळलं.

आपा गेली ती भर दुपारी. छातीत दुखतंय म्हणाली, शटर अर्धं ओढलं, आणि आम्ही सोलापूरला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यानंतर मला काहीच वाटलं नाही. खोटं कशाला सांगू? लोक येत होते, गळ्यात पडून रडत होते. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होतो आणि मनातल्या मनात खेळातली एक चूक सोडवत होतो. ताट पुढं आलं की जेवायचो. भाजीत मीठ नाही हे दुसरं कोणी बोललं की कळायचं.

दुकानात आता अम्मी बसते. एक दिवस शेजारच्या दुकानदारानं तिला कौतुकानं फोनवर आमच्या खेळाचा व्हिडिओ दाखवला. त्यात कुणीतरी दुकानदारणीचे हात बदलून राक्षसाचे केले होते. लांब काळी नखं, मनगटापर्यंत केस. गमतीनंच केलं असणार, करणाऱ्याला काय माहीत? अम्मी जिना चढून वर आली. घरात आम्ही दखनी बोलतो, तिचं बोलणं इथं मराठीत लिहितोय. "माझ्या पोरीच्या हाताला कोण काय करायलंय हे?" ती म्हणाली.

मी म्हटलं, बंद करतो. बाकी खेळ उघडा राहील, फक्त हातांची फाइल बंद. पुढच्या आवृत्तीत ते हात कुणालाच बदलता येणार नाहीत. खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर तसं कळवलंही. या विषयावर तावातावानं भांडणारा मी, आणि स्वतःच कुलूप घालत होतो. त्याचंही काही वाटेना. काम होतं, करत होतो.

त्यावर जळकोटच्या एका बाईंचा निरोप आला. मी त्यांना कधी भेटलेलो नाही. खेळता खेळता चित्रं बदलायला शिकलेल्या, एवढंच ठाऊक होतं. "बंद करायच्या आधी हे एकदा बघा," त्यांनी लिहिलं होतं. "ती बाई दिवसभर सगळ्यांना भरती आणि तिचेच हात भुंडे. बघवंना, म्हणून म्या तिला भरल्या. राग मानू नका." सोबत चित्र होतं. आपाच्या हातात हिरव्या बांगड्या.

ते हात मी विसरून भुंडे काढले नव्हते. दुल्हाभाई, म्हणजे आपाचा नवरा, वारले तेव्हापासून ते तसेच होते. त्या दिवशी बांगड्या फोडायला बायका जमल्या होत्या. अम्मीनं त्यांना पुढं येऊ दिलं नाही. मनियाराच्या घरात काच फोडायची नाही म्हणाली, आणि साबण लावून एकेक बांगडी स्वतः उतरवली. इद्दतीचे, म्हणजे विधवेनं घरात बसायचे, चार महिने दहा दिवस संपल्यावर आपा माहेरी येऊन दुकानात बसायला लागली. काही बायका तिच्या मनगटाकडं बघून पुढच्या दुकानात जायच्या. "जाऊ दे, तिथं महाग हायत," आपा म्हणायची आणि पुढच्या बाईचा हात हातात घ्यायची.

चित्र मी अम्मीला दाखवलं. ती पडद्याजवळ वाकली. मला वाटलं, आता चिडणार.

"ढिल्या हायत," ती म्हणाली. "तिला दोन-चारचं माप लागायचं. ह्या दोन-आठ दिसायल्यात. कोपरापर्यंत जातील."

"लहान करता येतील. करतो, आणि मग कुलूप घालतो. म्हणजे ह्याच राहतील."

अम्मीनं मान हलवली. "कुलूप नको. उघडं होतं म्हणून त्या बाईला भरता आल्या. आपल्याला कधी सुचलं?"

"मग राक्षसाची नखंपण राहतील, अम्मी."

"राहू दे."

मी बांगड्या लहान केल्या. त्यातली पहिली माऊसनं धरली आणि आपाच्या बोटांवरून वर सरकवू लागलो. अम्मी स्टूल ओढून माझ्याजवळ बसली आणि पडद्यावरच्या हाताला तिनं बोट लावलं.

"सावकाश," ती म्हणाली. "आधी अंगठा आत घे. दुखंल तिला."